फोटोत फक्त स्कोअर हवा

नियम क्रमांक नऊ मंजुरीसाठी ग्रुपवर आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "स्कोअरचा फोटो काढताना चौकटीत फक्त टीव्हीचा पडदा असावा. भिंत, शोकेस, घरातली माणसं किंवा त्यांचे कपडे दिसल्यास स्कोअर बाद धरला जाईल." सूचक : दादा. अनुमोदकही दादाच, कारण मंगळवारी सकाळी अकरा वाजता बाकीची मंडळी पोटापाण्याच्या उद्योगात असतात.

हे सदर अधूनमधून वाचणाऱ्यांना आमचा दादा माहीत आहे. सोसायटीच्या टाकीचं कुलूप ज्याने स्वखर्चाने बदललं आणि किल्ली कोणालाच दिली नाही, तोच. आमच्या टीव्ही गेमच्या स्पर्धेचाही मागे एकदा ओझरता उल्लेख झाला होता. तेव्हा दोन वाचकांनी पत्र लिहून "या वयात?" असं विचारलं होतं. हो, याच वयात. त्या वयात आम्हाला दिवसाला अर्धा तास मिळायचा, तोही गृहपाठाची वही दाखवून.

सांगलीच्या एका कॉलनीत नव्वदच्या दशकात वाढलेले आम्ही दहा जण आणि लग्न करून आमच्यात आलेली वहिनी, असे अकरा खेळाडू. आता कोणी पुण्यात, कोणी ठाण्यात, एक नाशिकला, एक न्यू जर्सीत. प्रत्येकाकडे हातात मावेल एवढं एक खोकं आहे. त्यावर 620 खेळ असं छापलंय, प्रत्यक्षात निम्मे खेळ तेच, फक्त नावं बदललेली. दर आठवड्याला कोणीतरी एक खेळ निवडायचा, सोमवारपासून शनिवारी रात्रीपर्यंत हवा तितका खेळायचा आणि आपल्या सगळ्यात चांगल्या डावाचा फोटो रविवारी बाराच्या आत टाकायचा. बक्षीस काही नाही. कॅसेटवर फुंकर मारण्याबद्दल मी इथे लिहिणार नाही, त्यावर सगळ्यांचं लिहून झालंय.

स्कोअरचा फोटो पाठवण्याची पद्धत काही आम्ही शोधलेली नाही. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत अ‍ॅक्टिव्हिजन ही कंपनी अटारीसाठी कॅसेटी काढायची. ठरलेले गुण मिळवून टीव्हीच्या पडद्याचा फोटो टपालाने पाठवला, की बाहीवर शिवायला एक कापडी बिल्ला घरी यायचा. 'पिटफॉल'साठी 20,000 गुण पुरत. त्याच सुमारास आयोवा राज्यातल्या ऑटमवा नावाच्या गावात वॉल्टर डे या गृहस्थांनी आपल्या ट्विन गॅलॅक्सीज या गेम पार्लरात देशभरातल्या विक्रमांचा तक्ता ठेवायला घेतला, ते साल 1982. त्या तक्त्याने पुढे बरंच काही पाहिलं. 1999 मध्ये एकाने 'पॅकमॅन'मध्ये मिळणं शक्य आहे तेवढे सगळे, म्हणजे 33,33,360 गुण मिळवले. त्यापुढे जायला जागाच नाही, कारण 256व्या पातळीला मशीनची मोजदाद संपते आणि अर्ध्या पडद्यावर नुसता अक्षरांचा कचरा येतो. आणि 'ड्रॅगस्टर' या गाडीच्या शर्यतीतला 1982 सालचा 5.51 सेकंदांचा विक्रम 2018 मध्ये यादीतून काढून टाकला, कारण खेळाचा प्रोग्राम उलगडून गणित मांडलं तर 5.57च्या खाली कोणालाही येता येत नव्हतं.

ही शेवटची बातमी आमच्या ऑडिटरने दर दिवाळीला ग्रुपवर टाकायची असा प्रघात आहे. ऑडिटर म्हणजे कॉलनीतला सीए झालेला मुलगा. तक्ता तोच ठेवतो. मैत्रीची स्पर्धा आहे, मजा म्हणून खेळतोय, असं आम्ही सगळे सारखं म्हणत असतो आणि तरी आठ नियम झाले. प्रत्येक नियमामागे एक गुन्हेगार आहे. "खेळाडूच्या वतीने अपत्यांनी खेळू नये" हा नियम ठाण्याचा स्कोअर मे महिन्याच्या सुट्टीत एकाएकी तिप्पट झाला त्यानंतरचा. "डाव थांबवून जेवायला जाऊ नये" हा नाशिकसाठी.

नाशिकचं नाव निघालंच आहे तर सांगून टाकते. पहिला नंबर कायम त्याचा असतो. इतका कायम, की त्याचं अभिनंदन करायचंही आता कोणाला सुचत नाही. रविवारी बाराला तक्ता आला की सगळे खालून वाचायला लागतात. अकरावी जागा न्यू जर्सीची राखीव आहे. तिथे टीव्हीच एवढा मोठा आहे की रिमोट दाबल्यावर रणगाडा उशिरा हलतो, असं त्याचं म्हणणं आहे आणि आम्ही ते मोठ्या मनाने ऐकून घेतो. खरी लढाई नववी आणि दहावी या दोन जागांसाठी, म्हणजे मी आणि वहिनी. वरच्या लोकांना हे कळणार नाही. वहिनीपेक्षा दोनशे गुण जास्त मिळाल्याच्या आनंदात मी एकदा शेजारणीला न मागता विरजण देऊन आले आहे.

तर गेल्या आठवड्यात खेळ होता टँक. त्याचं खरं नाव 'बॅटल सिटी', नाम्को कंपनीचा, 1985 सालचा. कॉलनीत तो टँकच होता. खाली मधोमध विटांच्या कुंपणात गरुडाचं चिन्ह. आम्ही त्याला कोंबडी म्हणायचो, कारण ती कोंबडीच दिसते. वरून शत्रूचे रणगाडे येणार, त्यांना मारायचं आणि कोंबडी सांभाळायची. साधा रणगाडा शंभर गुणांचा, चार गोळ्या पचवणारा चारशेचा. फावडं मिळालं की कुंपण थोडा वेळ पोलादी होतं. दोघांनी मिळून खेळायचा हा खेळ भावाबहिणीत प्रेम वाढावं म्हणून केलेला वाटतो, पण तो करणारा माणूस खवचट असणार. साथीदाराला गोळी लागली तर तो मरत नाही, नुसता काही क्षण जागच्या जागी लुकलुकत उभा राहतो. तेवढ्यात आपण त्याचे रणगाडे मारून घ्यायचे. पातळी संपली की ज्याने जास्त मारले त्याला वर हजार गुणांचा बोनस. म्हणजे शत्रूपेक्षा शेजारी बसलेल्या भावावर लक्ष ठेवणं जास्त फायद्याचं.

दादाचा यात हातखंडा होता. त्यातूनही मी पुढे जातेय असं दिसलं, की तो शांतपणे वळायचा आणि आपल्याच कोंबडीवर गोळी झाडायचा. खेळ खलास, दोघांचाही. "चुकून लागली." आई आतून विचारायची, काय झालं रे? तो सांगायचा, "काही नाही, लाइट गेली."

लाइट तशी खरोखरही जायची आणि तिच्याबरोबर स्कोअरही जायचा. टँकमध्ये वर उच्चांकाच्या जागी सुरुवातीला 20000 हा आकडा असतो. तुम्ही तो मोडा, पन्नास हजार करा, सगळी कॉलनी बोलावून दाखवा. वीज गेली, कॅसेट काढली की दुसऱ्या दिवशी परत वर 20000. अख्ख्या सुट्टीतला पराक्रम सिद्ध करायला एकमेकांच्या शपथाच उरायच्या, आणि दादाच्या शपथेला कॉलनीत भाव नव्हता. म्हणून फोटोचं मला फार कौतुक आहे. तेव्हा रोलचा कॅमेरा बाबांच्या कपाटात असायचा आणि त्यातली छत्तीस चित्रं मुंजी-बारशांसाठी राखून ठेवलेली असायची. टीव्हीचा फोटो काढलाय म्हटल्यावर काय झालं असतं त्याची कल्पनाच केलेली बरी.

आता वळते मूळ तक्रारीकडे. गेल्या शनिवारी रात्री मला 38,400 गुण मिळाले. वहिनीचे त्या दिवसापर्यंत एकतीस हजार होते. मी थरथरत्या हाताने फोटो काढला आणि टाकला. टँकमध्ये पातळी संपल्यावर गुणांचा जो पडदा येतो तो पूर्ण काळा असतो आणि आमच्या नव्या टीव्हीचा काळा पडदा म्हणजे आरसाच. आकड्यांच्या बरोबर मागे आमचे हे, बनियनवर, हातात पोह्यांची बशी, तोंड उघडं.

रविवारचा पूर्ण दिवस ग्रुपवर चर्चा झाली ती पोह्यांवर. रात्री साडेदहाला पोहे कोण खातं? त्यात मटार आहेत की ते पडद्यावरचं प्रतिबिंब आहे? न्यू जर्सीने फोटो मोठा करून शेंगदाणे मोजले. बनियनच्या भोकावर स्वतंत्र मतदान झालं. माझ्या 38,400ला एकानेही अंगठा दिला नाही. नाशिकने "छान" लिहिलं, ते पोह्यांना उद्देशून होतं हे त्याने नंतर स्पष्ट केलं. आमच्या ह्यांनी तर या प्रकरणाचा निषेध म्हणून दोन दिवस शर्ट घालून जेवण केलं.

तेव्हा कोणाला वाटेल की नियम नऊचं मी स्वागत करायला हवं. मी विरोधात आहे. कारण स्कोअर काय, दर आठवड्याला तेच ते. तक्ता न बघता मी लिहून देऊ शकते. बघण्यासारखं जे असतं ते कडेला असतं. बाकीच्या दहा जणांच्या घरी मी गेल्या कित्येक वर्षांत गेलेले नाही, पण कोणाच्या टीव्हीखाली काय आहे ते मला पाठ आहे. मिरजेच्या मैत्रिणीकडे अजून खोक्याचा टीव्ही आहे. फोटोत त्यावर आडवे काळे पट्टे येतात आणि वर गुंडाळून ठेवलेलं क्रोशाचं कव्हर दिसतं, जे तिच्या आईने विणलं तेव्हा आम्ही दोरा धरायला होतो. ठाण्याच्या भिंतीवर मुलीची भरतनाट्यमची ढाल आली, मग दुसरी आली, मग दोन्ही गेल्या आणि जेईईचं वेळापत्रक आलं. ऑडिटरच्या फोटोत घड्याळ असतं. एका बुधवारी त्यात दुपारचे पावणेतीन वाजले होते आणि त्याच वेळी तो एका क्लायंटच्या कामात गढलेला आहे असा निरोप माझ्या नवऱ्याला मिळाला होता. तो क्लायंट माझा नवराच.

आणि नाशिकच्या फोटोत गेल्या पावसाळ्यात सोफ्यामागे वॉकर दिसला. घडी घालून भिंतीला टेकवलेला, म्हणजे तसा कोणाच्या नजरेत न येणारा. स्कोअर नेहमीप्रमाणे अफाट होता. ऑडिटरने तो तक्त्यात चढवला आणि त्याच मिनिटाला फोन केला : कोण पडलंय? काका पडले होते, बाथरूममध्ये, खुब्याचं ऑपरेशन होऊन घरी आले होते, आणि रात्री त्यांना झोप लागत नाही म्हणून हा जागा राहायचा आणि जागा राहायला टीव्ही गेम लावायचा. ग्रुपवर त्याने यातला एक शब्द लिहिला नव्हता. काय लिहिणार? दर रविवारी फक्त स्कोअर टाकायचा. पुढच्या शनिवारी पुण्याहून दोघं जण जाऊन आले. काकांनी त्यांना ओळखलं ते अर्थात क्रिकेटच्या बॉलने फुटलेल्या काचेवरून. तिचे पैसे अजून यायचे आहेत म्हणाले.

हे सगळं मला नियम नऊच्या विरोधात मुद्देसूद मांडायचं होतं. ऑडिटर भावनेने हलत नाही, त्याला पुरावा लागतो. म्हणून काल रात्री मी ग्रुपमधले पहिल्यापासूनचे फोटो काढून बसले. वहिनीचे फोटो बघून मी थक्क झाले. पहिल्या आठवड्यापासून एकही फोटो वाकडा नाही, चारी कडा पडद्याला चिकटून, भिंतीचा कणभरही भाग नाही. ऑडिटर त्याला आदर्श फोटो म्हणतो. दादाचे मात्र सोफ्यावर आडवं पडून काढलेले, त्यात स्वतःच्या पायाचा अंगठासुद्धा येतो.

अशाच एका फोटोत, टीव्हीच्या डाव्या बाजूला, मनीप्लांट लावलेलं आजीचं तांब्याचं घंगाळ आहे.

सांगलीचं घर रिकामं केलं तेव्हा हे घंगाळ सापडत नव्हतं. आईने माळा, मोरी, अंगण सगळीकडे शोधलं. दादा म्हणाला, टेंपोवाल्याने मारलं असेल. त्यावरून आई त्या टेंपोवाल्याला आजही नावं ठेवते. कोणी म्हणेल, घंगाळं सगळी सारखीच. याची एक कडी तुटलेली आहे आणि तिच्या जागी बाबांनी हिरवी वायर पिळून बसवली होती. फोटो मोठा केला. वायर हिरवी आहे.

आज सकाळी मी माझी हरकत लेखी नोंदवली आणि सोबत तो फोटो जोडला, वायरीभोवती लाल गोल करून. ऑडिटरचं उत्तर लगेच आलं : "सदर फोटोतील स्कोअर 61,200, पूर्वीच ग्राह्य धरला आहे. घंगाळाचा विषय स्पर्धेच्या कक्षेत येत नाही." मिरजेने मनीप्लांट चांगला फुललाय असं लिहिलं. दादा ऑनलाइन दिसला आणि गेला. वहिनी काहीतरी टाइप करतेय असं गेला पाऊण तास दिसतंय.