गोळ्या देणं हे शिकून करायचं काम आहे

वृद्धाश्रमात औषधं देणाऱ्या प्रत्येकाला प्रशिक्षण सक्तीचं असावं, असं म्हटलं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं: घरोघरी सुना-मुली गोळ्या देतातच की, त्यांनी कुठे कोर्स केलाय? ही तुलनाच टिकत नाही. घरी एक माणूस एकाच म्हाताऱ्याच्या गोळ्या वर्षानुवर्षं हाताळतो. आश्रमातल्या मावशींपुढे पंधरा-वीस जणांच्या पिशव्या, त्यांत एकसारख्या पांढऱ्या गोळ्या आणि इंग्रजी चिठ्ठीवर ओडी, बीडी, एचएस. रात्रपाळीला मावशी वेगळ्याच.

इन्सुलिनचंच घ्या. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन सहसा एका मिलिलिटरला 40 युनिटचं असतं आणि पेनच्या कार्ट्रिजमधलं 100 युनिटचं. 40 साठी लाल टोपणाची सिरिंज, 100 साठी केशरी. पेन चालेना म्हणून कुणी कार्ट्रिजमधलं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये 20 च्या खुणेपर्यंत ओढलं, तर आजोबांच्या अंगात 50 युनिट जातात. पहाटे साखर उतरते, दरदरून घाम येतो, ते बरळू लागतात. आणि वयामुळे भ्रम झाला असेल असं समजून त्यांना पांघरूण घातलं जातं. संधिवातासाठीची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच द्यायची असते. चुकून रोज दिली तर जीव जाऊ शकतो. गिळवत नाही म्हणून ‘एसआर’ लिहिलेली गोळी कुटून दिली की दिवसभराचं औषध एकदम रक्तात उतरतं. आणि आजींनी जेवणाला हातही लावला नसताना शुगरची गोळी द्यायची की थांबून डॉक्टरांना फोन करायचा, हे मावशींना कोण सांगणार?

‘आमच्याकडे माया आहे’ असं संस्थाचालक म्हणतात. ती असतेच, मी पाहिली आहे. पण सिरिंजवरच्या खुणा मायेने वाचता येत नाहीत. शिवाय काही विपरीत घडलं की बोट त्याच मावशींकडे दाखवलं जातं. ज्यांना कधी काही शिकवलंच नाही, त्यांच्या माथी दोष मारणं हा मला या साऱ्या व्यवहारातला सर्वांत मोठा अन्याय वाटतो.

मग नर्सच ठेवा, असा दुसरा पक्ष. इंजेक्शनांपुरता तो मला मान्य आहे. पण तिन्ही पाळ्यांना नर्स ठेवणं छोट्या संस्थांना झेपत नाही. नर्सने दुपारी गोळ्या लावून ठेवल्या, तरी रात्री दहाला त्या तोंडात घालणारा हात मावशींचाच असतो.

तिसरा आक्षेप जास्त विचार करायला लावणारा आहे: प्रशिक्षणाने तरी चुका कुठे थांबतात? इंग्लंडमधल्या 55 केअर होम्समध्ये 256 रहिवाशांची पाहणी झाली, ती 2009 साली प्रसिद्ध झाली. औषध लिहिण्यापासून ते देण्यापर्यंत कुठली ना कुठली चूक जवळजवळ 70 टक्के रहिवाशांच्या बाबतीत आढळली. बहुतेक चुकांतून मोठी इजा होण्यासारखी नव्हती, हेही खरं. पण तिथे चुका मोजल्या गेल्या. ‘नाइस’ या तिथल्या आरोग्यविषयक संस्थेच्या 2014 च्या मार्गदर्शक सूचनांत औषधं देणाऱ्या कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण आणि दरवर्षी त्यांच्या कौशल्याची फेरतपासणी स्पष्ट लिहिली गेली. आपल्या बहुतेक आश्रमांत चुकांची वहीच नसते, आणि वही कोरी म्हणून चूक नाही असं मानलं जातं.

राहिला खर्च. मी मागतो ते दोन-तीन दिवसांचं, मराठीतलं शिक्षण, खऱ्या पाकिटांवर आणि खऱ्या सिरिंजवर. त्यानंतर नर्सच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष औषधं देऊन दाखवायची. जमलं तरच पिशवीला हात लावायचा. आजींनी गोळी घेतल्यावरच तक्त्यावर सही. आधीच सगळ्या सह्या उरकायच्या नाहीत. नको म्हणाल्या तर ती वरणात लपवून द्यायची नाही, नकार लिहून डॉक्टरांना कळवायचं. चूक झाली तर ती सांगणाऱ्या मावशींची नोकरी जाणार नाही, ही लेखी हमी हवी. तिच्याशिवाय बाकीचं सगळं कागदावरच राहील.

2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं 19 वं कलम वृद्धाश्रमांची मानकं आणि तिथली वैद्यकीय सेवा ठरवण्याचा अधिकार राज्य सरकारला देतं. 2019 साली लोकसभेत आलेल्या दुरुस्ती विधेयकात वृद्धाश्रमांची नोंदणी आणि किमान मानकं होती. ते कायदा न होताच राहिलं. केंद्राची वाट न पाहता महाराष्ट्राने आपल्या नियमांत एवढं घालावं: औषधं देणाऱ्या प्रत्येकाची चाचणी झालेली नसेल, तर त्या आश्रमाला अनुदान नाही आणि नव्याने प्रवेश देण्याची परवानगीही नाही.