शंटिंगच्या डिझेलची जन्मकथा

दौंड–मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला, तेव्हापासून नगर-बेलापूरच्या बाजूला गाडी ओढण्याइतकेच दुसरे एक काम महत्त्वाचे ठरले : शंटिंग. वाघिणी सोडवायच्या, सायडिंगला लावायच्या, भरल्या की पुन्हा गाडीला जोडायच्या. सांधेवाला सांधा फिरवतो, हिरवी झेंडी हलते, इंजिन माणसाच्या चालीने मागे सरकते आणि बफरला बफर टेकताच थांबते. मग मालधक्क्यावरची भराई होईपर्यंत ते ताटकळत उभे.

वाफेच्या इंजिनाला हे ताटकळणे फार महागात पडे. काम असो-नसो, भट्टी पेटती ठेवावी लागे. पाणी भरणे, राख काढणे वेगळेच. डिझेल इंजिन मात्र काम थांबले की बंद करता येते. ब्रिटनमध्ये डिझेलने आधी यार्डात पाय रोवले, त्याचे मोठे कारण हेच.

अडचण एकच होती, पण मुळातली. उभ्या गाडीलाही वाफ पहिल्या क्षणापासून पूर्ण जोराने ओढते. डिझेल इंजिन फिरत नसेल, तर त्यात जोरच नसतो. म्हणून ते आधी मोकळे सुरू करावे लागते आणि मग त्याची ताकद बेताबेताने चाकांकडे न्यावी लागते. हे काम करणारी यंत्रणा म्हणजे ट्रान्समिशन, अर्थात शक्तिवहन.

लंडन, मिडलंड अँड स्कॉटिश रेल्वेने १९३२ मध्ये डर्बीच्या कारखान्यात याचीच परीक्षा घेतली. वाफेच्या जुन्या इंजिनाची चौकट आणि चाके कायम ठेवून तिच्यावर डेव्ही पॅक्समन कंपनीचे सुमारे ४०० अश्वशक्तीचे डिझेल इंजिन बसवले. त्याचा क्रमांक १८३१. शक्तिवहन हायड्रॉलिक, म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणारे. हा प्रयोग फळला नाही. १९३९ मध्ये इंजिन सेवेतून काढले आणि पुढे त्याचे फिरते वीजकेंद्र झाले. त्याच रेल्वेने दरम्यान दुसरी वाट चोखाळली होती : डिझेलने जनित्र फिरवायचे आणि त्या विजेवर मोटारी चालवायच्या. तीच टिकली. १९५२ ते १९६२ या काळात ब्रिटिश रेल्वेसाठी ०८ वर्गाची ९९६ शंटिंग इंजिने बांधली गेली, ती याच वाटेवरची.

द्रवाची वाट मात्र कायमची बंद झाली नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. आपल्याकडे मनमोहन सुरी यांनी द्रवचालित आणि यांत्रिक अशा दोन्ही शक्तिवहनांची सांगड घातली : आरंभी द्रवाची लवचीकता, वेग आल्यावर दातेरी चाकांची थेट पकड. हे सुरी ट्रान्समिशन चित्तरंजनच्या कारखान्यात बनलेल्या शंटिंग इंजिनांत वापरले गेले. डर्बीला न सुटलेला प्रश्न भारतीय अभियंत्याने वेगळ्या रीतीने सोडवला, ही आपल्या शालेय पुस्तकांत यावी अशी गोष्ट आहे.

वाफेच्या इंजिनांचे जतन होते ते योग्यच. पण यार्डातली ही बुटकी डिझेल इंजिने निवृत्त झाली की बहुधा भंगारात जातात, हे आम्हांला मान्य नाही. अहिल्यानगरात १९९४ पासूनच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये ब्रिटिश माटिल्डा रणगाडा जपलेला आहे. १९३०च्या दशकात आखलेल्या त्या रणगाड्यात बसच्या जातीची दोन डिझेल इंजिने बसवलेली असत. लष्कराने जी आस्था दाखवली, ती रेल्वेनेही दाखवावी. सुरी ट्रान्समिशनचे एक तरी इंजिन राखून ठेवावे, त्याचे आराखडे आणि दुरुस्तीची नोंदवही त्याच्याजवळ ठेवावी आणि त्यात काय बिघडत असे, तेही झाकू नये.