जपानी तलवार आणि माणदेशी ढोल

‘डीमन स्लेयर’ ही जपानी चित्रमालिका आता सातारा-सांगलीकडची मुलेही मोबाईलवर पाहतात. राक्षस, तलवारी आणि रक्तपात पाहून पालक अस्वस्थ होतात. ही चिंता अनाठायी नाही. तथापि, ऑगस्ट २०१९ मध्ये जपानमध्ये प्रसारित झालेला तिचा १९ वा भाग पालकांनीच एकदा पाहावा.

कोळसा विकून गुजराण करणाऱ्या घरातील तान्जिरो हा किशोर राक्षसापुढे हतबल झाला आहे. गुरूंकडून शिकलेली तलवारविद्या अपुरी पडते. त्या क्षणी त्याला वडिलांचे नृत्य आठवते. वर्षारंभी, बर्फात, अग्निदेवासाठी ते रात्रभर नाचत असत. तेच पदन्यास त्याच्या तलवारीत उतरतात. ‘कागुरा’ हा जपानमधील प्राचीन शिंतो नृत्यविधी आहे. कलावंतांनी तो उपदेशाने नव्हे, तर गोष्टीतून मुलांच्या मनात रुजविला.

सांगलीला ही वाट अपरिचित नाही. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी तेथे ‘सीतास्वयंवर’ सादर केले. त्यांच्या नाटकांतील राक्षस तलवारी परजीत, आरोळ्या ठोकीत रंगभूमीवर येत.

साताऱ्याच्या माणपासून सांगलीच्या आटपाडीपर्यंत पसरलेल्या माणदेशात आजही ढोलाच्या तालावर, बिरोबाच्या नावाने गजीनृत्य रंगते. धनगर समाजाने ते पिढ्यानपिढ्या जपले. परंतु शहरातील मुलाला ते कोणत्या गोष्टीत भेटते?

मुलाच्या हातून मोबाईल हिसकावणे सोपे आहे. तितकीच थरारक अशी आपली गोष्ट त्याला सांगणे अवघड आहे. त्याचे बोट धरून आरेवाडीच्या बिरोबाला जाणे, ही त्याची पहिली पायरी ठरेल.