कुकर नाही, गाडी शिट्टी मारतेय!

सकाळी पार्किंगमध्ये गाडी सुरू केली आणि बॉनेटखालून बारीक सूर लागला... सुईईई! अशा वेळी आपण काय करतो? गाण्याचा आवाज वाढवतो. झाली शिट्टी बंद! म्हणजे, ऐकू येणं बंद.

माझ्या एका मित्राने हा उपाय तब्बल दोन महिने केला. सेकंडहँड पेट्रोल हॅचबॅक, ईएमआय नुकताच सुरू झालेला, वर गॅरेजचा खर्च कोण करणार? सिग्नलला उभी राहिली की गाडी शिट्टी मारायची, जरा पळाली की गप्प. मग एका शनिवारी चौघं ताम्हिणीतून कोकणात निघाले. घाटाच्या उतारावर एसटीच्या मागे रखडत असताना त्याने पाठोपाठ दोन-तीनदा ब्रेक दाबला. पुढच्या वेळी पेडल दगडासारखं कडक! सगळा जोर पायावर देऊन, गिअर उतरवून, हँडब्रेक खेचून गाडी कशीबशी थांबली. एसटीच्या बंपरपासून हातभर लांब. पुढची पाच मिनिटं गाडीत कोणी बोललं नाही म्हणे.

दोष निघाला एका रबरी पाइपमध्ये. पेट्रोल इंजिन हवा ओढून घेतं आणि आयडलिंगला तर मॅनिफोल्डमध्ये चांगलीच पोकळी तयार होते. याच ओढीवर ब्रेक बूस्टर चालतो आणि आपल्या पायाचा जोर कित्येक पटींनी वाढवतो. बूस्टरकडे जाणारा पाइप चिरला होता. फटीतून हवा घुसायची, ती शिट्टी! आणि पाठोपाठ ब्रेक मारले की बूस्टरचा साठा संपायचा. गाडी दोन महिने सांगत होती, आपला मित्र गाणी ऐकत होता.

तेव्हा मंडळी, शिट्टी ऐकली की घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. आधी एवढंच बघा की ती वाजते केव्हा? अर्धं निदान तिथेच होतं.

थंडीत सुरू करताना, एसी लावल्यावर किंवा (हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग असेल तर) स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर आवाज चिरका होतो? संशय फॅन बेल्टवर. इंजिन चालू ठेवून स्प्रेच्या बाटलीने बेल्टच्या आतल्या, खाचांच्या बाजूवर थोडं पाणी मारा. लांबूनच हं! ओढणी, टाय, मोकळे केस, सगळं दूर. आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुल्या सरळ रेषेत नसाव्यात. उलट वाढला तर बेल्ट ढिला. काहीच फरक नाही? मग एखाद्या पुलीचं बेअरिंग गेलं असण्याची शक्यता आहे.

गाडी उभी असताना शिट्टी, सोबत आरपीएमचा काटा वरखाली आणि कधी चेक इंजिनचा दिवा? मग कुठून तरी हवा घुसतेय. इंजिन ऑइलचं झाकण आयडलिंगला हळूच सैल करून बघा. शिट्टी पटकन बंद झाली तर इंजिनातली वाफ परत ओढून घेणाऱ्या पीसीव्ही व्हॉल्व्हचा पडदा फाटला असण्याची दाट शक्यता आहे. नाहीतर पाइपांच्या सांध्यांवर साबणाचं पाणी ब्रशने लावा. फेस आत ओढला गेला आणि सूर बदलला, की चोर सापडला! वायरिंगवर मात्र पाणी नको. काही जण यासाठी कार्ब्युरेटर क्लीनर मारतात. तापलेल्या इंजिनवर तो पेट घेऊ शकतो, तेव्हा घरी हा उद्योग नकोच.

ब्रेक दाबल्यावर सूर बदलतो? मग ही टेस्ट आजच करा. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, पाय तसाच दाबून धरा आणि गाडी स्टार्ट करा. पेडल थोडं खाली गेलं तर बूस्टर काम करतोय. जागचं हललं नाही, तर गाडी रस्त्यावर काढू नका. मेकॅनिकलाच घरी बोलवा.

डिझेलवाल्यांनो, टर्बोची बारीक शिट्टी नॉर्मल असते. पण ती अचानक वाढली, पिकअप गेला, मागून काळा धूर येऊ लागला, तर आधी इंटरकूलरचे पाइप आणि त्यांच्या क्लॅम्प बघायला सांगा. सांध्यापाशी ओला तेलकट डाग दिसला तर फट बहुधा तिथेच. थेट नव्या टर्बोचं एस्टिमेट हातात पडलं तर सही करायच्या आधी हे तपासून घ्या.

आता गॅरेजमध्ये. ‘आवाज येतोय, बघा ना जरा’ एवढंच सांगितलंत तर समोरचा अंदाजाने पार्ट बदलत बसेल आणि बिल तुमचं वाढेल. त्याऐवजी गाडी थंड होती की गरम, उभी होती की पळत होती, एसी चालू होता की बंद, हे सांगा. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून न्या, कारण गॅरेजच्या दारात पोचलं की शिट्टी हमखास गप्प बसते! फट सापडत नसेल तर स्मोक टेस्ट करायला सांगा. पाइपांमध्ये धूर सोडतात, तो जिथून बाहेर येतो तिथे गळती. आणि बदललेला जुना पार्ट मागून घ्या.

आमच्या मित्राचं बिल? पाइप आणि मजुरी मिळून चौघांच्या सुरमई थाळ्यांपेक्षा कमी! हल्ली तो गाडी सुरू केल्यावर पहिली दोन मिनिटं स्टिरिओ लावत नाही. तुम्हीही उद्या सकाळी लावू नका. काहीच ऐकू आलं नाही, तर मग वाढवा की आवाज!