डॉल्फिन दाखवायला बांधलेले नाहीत



‘पैसे घेतले, डॉल्फिन दाखवले नाहीत’ हे देवबागच्या सहलीवरचे पत्र वाचले. पत्रलेखकाची निराशा समजते. पुण्याहून आठ-नऊ तास प्रवास करून मुलांना नेलेले असते. पण नाववाल्याने इंजिन बंद करून लांब थांबणे याला त्यांनी कामचुकारपणा म्हटले, ते मला पटत नाही.

देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी दिसतात ते कुबड असलेले डॉल्फिन. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातच ते राहतात, म्हणजे आपल्या नावांच्या वाटेवरच. आवाजाच्या प्रतिध्वनीवर ते मासे शोधतात, आवाज काढूनच पिल्लाशी संपर्क ठेवतात. १९७२च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्यांचे नाव आहे. गेल्या जानेवारीत आम्ही तिथेच होतो. डॉल्फिनची एक पाठ दिसताच तिच्यामागे पाच नावा धावल्या आणि ती पाठ पुन्हा वर आलीच नाही. दुसऱ्या दिवशीचा नाववाला वीस मिनिटे गप्प बसून राहिला. मग जवळच ‘फुस्स’ असा श्वास ऐकू आला! माझी नात अजून तो आवाज काढून दाखवते.

वेंगुर्ला रॉक्स या बेटांवरच्या गुहेत उतरू दिले नाही, ही दुसरी तक्रार. त्या काळोखात पाकोळ्या लाळेने घरटी बांधतात. परदेशात सूपसाठी ती विकली जातात, म्हणून इथून त्यांची चोरी झालेली आहे. तिथे आपण टॉर्च घेऊन कशाला शिरायचे?

नाववाल्यांनी मात्र ‘हमखास डॉल्फिन’ असे फलक काढून टाकावेत.

– एक वाचक, कोथरूड, पुणे