निराळ्या फळीवरच्या तबकड्या

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ‘ब्लूज’ गीतांविषयी आपल्याकडे दोनच मते कानी येतात. कोणी त्यांना गुलामगिरीचे रडगाणे म्हणतात, तर कोणी अचरट गाणी म्हणून कानांवर हात ठेवतात. आम्हांस दोन्ही पटत नाहीत.

१० ऑगस्ट १९२० रोजी मेमी स्मिथ या कृष्णवर्णीय गायिकेने ‘क्रेझी ब्लूज’ ध्वनिमुद्रित केले. त्याचा खप पाहून कंपन्यांचे डोळे विस्फारले आणि ‘रेस रेकॉर्ड्स’ या नावाखाली कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांसाठी वेगळ्या याद्या, वेगळ्या जाहिराती निघू लागल्या. वर्णभेदाची रेघ लाखेच्या तबकडीवरही ओढली गेली. पण त्या निराळ्या फळीकडे गोऱ्या प्रतिष्ठितांचे फारसे लक्ष नसे, आणि आमच्या मते म्हणूनच तेथे बायकांना मोकळेपणी बोलता आले.

मा रेनी आणि बेसी स्मिथ यांच्या गाण्यांत घरसंसार, मुलेबाळे क्वचितच भेटतात. मारझोड करणारा पुरुष, त्याला सोडून निघालेली बाई, तुरुंग, पूर आणि देहाची स्वतःची इच्छा, हे सारे ‘मी’ म्हणून सांगितलेले. १९२८ मध्ये मा रेनीने ‘प्रूव्ह इट ऑन मी ब्लूज’ गाइले. आपला ओढा बायकांकडे आहे हे त्यातील नायिका लपवीत नाही. पुरावा मात्र तुम्हीच आणा, असे बजावते. पॅरामाउंट कंपनीच्या जाहिरातीत पुरुषी कोट आणि हॅट घातलेली बाई दोघींशी बोलते आहे, आणि पलीकडे पोलीस उभा! ही कंपनी मुळात खुर्च्या करणाऱ्या कारखानदारांची. त्यांना सुधारणेची चाड नव्हती; धाडस खपते, एवढे ठाऊक होते.

तरीही प्रत्येक ओळ गायिकेचे आत्मकथन मानणे भाबडेपणाचे होईल. ‘क्रेझी ब्लूज’ हे पेरी ब्रॅडफर्ड या पुरुषाचे. १९२३ मध्ये बेसीचे नाव करणारे ‘डाउनहार्टेड ब्लूज’ मात्र अल्बर्टा हंटर आणि लव्ही ऑस्टिन या दोघींचे. आपल्या लावण्याही बहुतेक शाहिरांनीच रचल्या, पण बैठकीत तो ‘मी’ गाणारणीचाच होऊन जातो. फरक एवढाच, की लावणी समोरच्या रसिकाला उद्देशून असते, तर ब्लूजमधली बाई पुष्कळदा दुसऱ्या बायकांशी बोलते, त्यांना सावध करते.

बेसीला कोलंबिया कंपनीकडून गाण्यामागे ठराविक रक्कम मिळे, खपातला वाटा नाही. १९३७ मध्ये मोटार अपघातात ती गेली. थडग्यावर तिच्या नावाचा दगड बसायला १९७० साल उजाडले. त्याचा खर्च दोघींनी केला: एक जेनिस जॉप्लिन ही गोरी गायिका, आणि दुसरी लहानपणी बेसीच्या घरची फरशी पुसणारी जुआनिटा ग्रीन.