टु लावू की इंग?



पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये मदतनीस होतो. एका सकाळी स्टोअरचे दार उघडे सापडले आणि थोडा माल गेलेला. रात्री कुलूप लावण्याचे काम माझे. साहेबांनी लेखी खुलासा मागितला, तोही इंग्रजीत. माझे शिक्षण रात्रशाळेतले. डिक्शनरी घेऊन बसलो आणि लिहिले, 'आय रिमेंबर टु लॉक द डोअर.' मला म्हणायचे होते, कुलूप लावल्याचे मला आठवते. साहेब वाचून म्हणाले, "कुलूप लावायची तुला आठवण राहते, हे समजले. पण त्या रात्री लावलेस का, ते कुठे लिहिले आहेस?"

ऑफिसातल्या एका वयस्क कारकुनांनी एवढेच दुरुस्त करून दिले : 'आय रिमेंबर लॉकिंग द डोअर.' टु गेला, इंग आला आणि माझे म्हणणे कागदावर उभे राहिले. चोर सापडला नाही, पण नोकरी वाचली.

क्रियापदाआधी टु आला की त्याला इन्फिनिटिव्ह म्हणतात. शेवटी इंग लावून क्रियापदाचे नाम केले की जेरंड. ही नावे विसरलात तरी चालेल. फरक मात्र आपल्या कानाला आधीच ठाऊक आहे, कारण मराठीही तो करते. बघा :

'बाबा चहा प्यायला थांबले' म्हणजे 'बाबा स्टॉप्ड टु ड्रिंक टी.'

'बाबांनी चहा प्यायचे बंद केले' म्हणजे 'बाबा स्टॉप्ड ड्रिंकिंग टी.'

आता चहाच्या जागी औषध घाला. आईने गोळ्या घेणे बंद केले, हे डॉक्टरांना सांगायचे तर 'शी स्टॉप्ड टेकिंग द टॅब्लेट्स' असेच म्हटले पाहिजे. चुकून 'टु टेक' म्हणालात तर ती गोळ्या घ्यायला थांबली असा उलटाच अर्थ होतो. म्हणून मराठीत '-ायला' ऐवजी '-ल्याचे' किंवा '-ायचे बंद' येते का, हे आधी मनात म्हणून पाहावे. 'फी भरायला विसरलो' : 'आय फरगॉट टु पे द फी.' 'फी भरल्याचे आठवते' : 'आय रिमेंबर पेइंग द फी.'

पण ही युक्ती सगळीकडे लागू पडत नाही. 'मला वाचायला आवडते' यात '-ायला' आहे, तरी एन्जॉय वापरले तर 'आय एन्जॉय रीडिंग' हेच बरोबर. 'एन्जॉय टु रीड' ही आपल्याकडची नेहमीची चूक. लाइक वापरलेत तर दोन्ही चालते.

साधारणपणे टु पुढे बघतो. वॉन्ट, होप, डिसाइड, प्रॉमिस, रिफ्यूज यांच्यामागे तो येतो, कारण इच्छा, निश्चय, वचन हे सारे अजून व्हायच्या गोष्टींचे. एन्जॉय, फिनिश, अव्हॉइड, गिव्ह अप यांना इंग लागतो. सजेस्ट मात्र हा हिशेब मोडते. सुचवलेली गोष्ट अजून झालेली नसते, तरी 'ही सजेस्टेड गोइंग बाय ट्रेन' असेच म्हणतात. कारण विचारू नका, पाठ करा.

इन, ॲट, फॉर, विदाउट, आफ्टर अशा शब्दांनंतर नेहमी इंग : 'शी इज गुड ॲट स्युइंग', 'थँक यू फॉर कमिंग'. नोकरीच्या अर्जात शेवटी पुष्कळ मुले 'आय लुक फॉरवर्ड टु मीट यू' लिहितात. तिथला टु क्रियापदाचा नाही, तोही ॲट-फॉरच्याच जातीचा. म्हणून 'टु मीटिंग यू' लिहावे. कानाला विचित्र वाटते खरे, मलाही बरीच वर्षे वाटत होते.

या आठवड्याचा अभ्यास : खालची वाक्ये इंग्रजीत करून वहीत लिहा. घरात कुणाला इंग्रजी येत नसले तरी मराठी वाक्य त्यांना मोठ्याने वाचून दाखवा, काम झाले आहे की व्हायचे आहे ते त्यांनाच विचारा.

१) ताईला नर्स व्हायचे आहे.
२) न विचारता तो आत गेला.
३) पत्र पेटीत टाकल्याचे मला आठवते.
४) दादाने तंबाखू खाणे सोडले.
५) गाडी पाणी भरायला थांबली.